सेंट क्लेअर, सप्टेंबर ते दसरा: स्मॉलमाउथच्या मागावरच्या नोंदी

३० ऑगस्ट

उद्यापासून नोंदी सुरू. प्रश्न एकच आहे: लेक सेंट क्लेअरच्या मिशिगनकडच्या किनाऱ्याला उन्हाळाभर सापडणारा स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा सप्टेंबर लागला की जातो कुठे? मे-जूनमध्ये तो अंडी घालायला उथळात येतो, जुलै-ऑगस्टात पाणगवताच्या कडेला असतो आणि ऑक्टोबर सरता सरता थव्याथव्याने एकेका जागी सापडतो, एवढं इथे गळ टाकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. मधल्या पाच-सहा आठवड्यांबद्दल मात्र ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं खोल जातो, कुणी म्हणतं उथळात शिरतो. दोघंही मासे दाखवतात, म्हणजे दोघंही खरं बोलतात. हे कोडं मला या वर्षी सोडवायचंय.

ज्यांनी हा तलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर, ह्युरॉन आणि इरी या दोन महासरोवरांच्या मध्ये तो आहे. उत्तरेकडून सेंट क्लेअर नदी ह्युरॉनचं पाणी आणते, खालून डेट्रॉइट नदी ते इरीत नेते. क्षेत्रफळ सुमारे १,११० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या हद्दीच्या दुपटीहून जास्त, आणि सरासरी खोली फक्त ११ फूट! नैसर्गिक खोली कुठेही २१ फुटांच्या पुढे जात नाही. जहाजांसाठी तळ खोदून केलेला मार्ग तेवढा २७ फुटांचा आहे. तळ म्हणजे निव्वळ परात. दुसऱ्या तलावांत मासा शोधायचा तर खडक, उतार, बुडालेली टेकाडं बघतात. इथे नकाशावर बघण्यासारखं जवळजवळ काही नाही, त्यामुळे पाण्याकडेच बघावं लागतं.

म्हणून वहीत माशांइतकीच जागा पाण्याला ठेवली आहे. दर वेळी लिहायचं ते असं: आजचा वारा, गेल्या दोन दिवसांचा वारा, पाण्याचं तापमान, तळाचा प्रकार, गवत हिरवं की कुजलेलं आणि पाणी किती फुटांपर्यंत स्वच्छ. स्वच्छता मोजायला सेची तबकडी केली आहे. आठ इंची गोल पत्रा, त्याचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, खाली वजन, वर फुटाफुटाला गाठ मारलेली दोरी. तबकडी दिसेनाशी होते ती गाठ मोजायची. आंजेलो सेची नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ही पद्धत वापरली आणि आजही तलाव अभ्यासणारे तीच वापरतात.

सोबतीला मामा आहेत. रेवदंड्याहून आलेत, दसरा करून परत जाणार. कुंडलिका नदीच्या तोंडाशी गरवण्यात, म्हणजे गळाने मासे पकडण्यात, त्यांची हयात गेली. त्यांचा परवाना काढून झाला. संध्याकाळी त्यांना नकाशा दाखवला तर त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

"बाय, इथं भरती-ओहोटी किती वाजता?"

"नसते, मामा. या सगळ्या महासरोवरांत मिळून येते ती पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी. डोळ्याला दिसत नाही."

"मग मासा चालतो कशावर?"

३१ ऑगस्ट

पाणी ७३ अंश. (इथे सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं. सेल्सिअसमध्ये हे २३च्या आसपास.) वारा नैऋत्येचा, मंद. तबकडी ९ फुटांवर दिसेनाशी झाली. मेट्रोपार्कच्या धक्क्यावरून सकाळी सहाला होडी सोडली. १० फुटांवरून सुरुवात करून वाऱ्याबरोबर बाहेर १५ फुटांपर्यंत वाहत जायचं, पुन्हा आत येऊन जरा दक्षिणेकडून तेच करायचं.

मासे विखुरलेले. इथे एक, अर्ध्या मैलावर दुसरा. सगळे १३-१४ इंची, पण अंगात रग केवढी! पहिला मासा मामांच्या रॉडला लागला. पाण्याबाहेर दोनदा उसळला तेव्हा मामा उभे राहून ओरडले, "जिताड्यासारखा उडतो गं हा!"

मग मी तो पाण्यात सोडला आणि ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सोडायचा होता तर पकडला कशाला?"

मी सांगितलं. कायद्याने १४ इंचांच्या वरचे पाच बास माणशी ठेवता येतात, पण बासवाले बहुतेक जण ठेवत नाहीत. हा मासा सावकाश वाढतो. वीस इंची व्हायला आठ-दहा वर्षं सहज लागतात. शिवाय अंडी आणि पिल्लं नर राखतो. मादी अंडी घालून निघून जाते, नर खळग्यावर पहारा देत राहतो. मामांना ही गोष्ट आवडली. पण पटलं असं म्हणाले नाहीत आणि मीही ताणलं नाही.

७ सप्टेंबर

गुरुवारपासून ईशान्येचा वारा. काल तर लहान होड्यांना इशाराच होता. पाणी उथळ असलं की लाटा उंच कमी पण उभ्या आणि जवळजवळ येतात, होडीला दोन लाटांच्या मध्ये सावरायला जागा मिळत नाही. सतरा फुटी अॅल्युमिनियमच्या होडीतून अशा दिवशी जायचं नसतं.

मामांना घेऊन किनाऱ्यावर मात्र गेले. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. वारा तलावावरून थेट आपल्या किनाऱ्यावर येत होता, लाटा तळाची चिकणमाती उपसत होत्या. क्लिंटन नदीलाही पावसाचं पाणी आलेलं, ते तपकिरी पाणी किनारा धरून पसरत होतं. मामा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले.

"हे उधाण आहे," ते म्हणाले. "चंद्राचं नाही, वाऱ्याचं."

मीही बरोबर हेच म्हणत होते, फक्त इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. खाडीत भरती-ओहोटी जे करते (पाणी हलवणं, गढूळ-निवळ करणं, बारीक मासळी एका बाजूला लोटणं) ते इथे वारा करतो. फरक एवढाच की त्याचं पंचांग नाही. म्हणून गेल्या दोन दिवसांचा वारा लिहायचा.

९ सप्टेंबर

सुट्टी काढली. आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

वारा शनिवारी रात्री फिरून पश्चिमेचा झाला, म्हणजे किनाऱ्याकडून तलावाकडे. पाणी ६९ अंशांवर उतरलं. धक्क्यापाशी तबकडी दीड फुटात गुडुप. मैलभर बाहेर गेलो तरी दोन फूट. मामांनी मागे फिरूया असं सुचवलं. मग साधारण अडीच मैलांवर पाण्यात एक रेघ दिसली. अलीकडे मातकट, पलीकडे हिरवट निळं. रेघ सरळ नव्हती, कुठे जीभ काढल्यासारखी बाहेर गेलेली, कुठे आत वळलेली. रेघेवर गवताचे तुटलेले तुकडे आणि फेस जमला होता. पलीकडे शंभर यार्डांवर तबकडी टाकली तर सात फुटांपर्यंत दिसली.

स्वच्छ बाजूने रेघेला समांतर वाहत गेलो. खोली १४ फूट. मामांना ड्रॉप शॉट बांधून दिला: खाली तीन-अष्टमांश औंसाचं वजन, त्याच्या वर फूटभर अंतरावर गळ, गळाला तीन इंची मऊ आमिष. मी हिरव्या-तपकिरी रंगाची ट्यूब (नळीसारखं मऊ आमिष) तळावरून ओढत होते. दहा मिनिटांत दोघांचेही रॉड एकदम वाकले. त्यानंतरचा तासभर कुणाला घड्याळ बघायला सवड नव्हती. मासे १५ ते १८ इंची आणि सगळे रेघेपासून दोनशे यार्डांच्या आत. मुद्दाम अर्धा मैल आणखी बाहेर, आणखी स्वच्छ पाण्यात जाऊन बघितलं: एकही नाही. मातकट बाजूला जाऊन बघितलं: एक शीपहेड, म्हणजे गोड्या पाण्यातला ड्रम. मामांना तो फार आवडला, कारण तो हातात घेतल्यावर घुमतो.

एक मासा सोडण्याआधी होडीच्या टाकीत मिनिटभर ठेवला होता. त्याने तोंडातून काहीतरी टाकलं. मामांनी ते चमच्याने काढून पाट्यावर ठेवलं. गोबी नावाचा छोटा मासा होता, अर्धवट पचलेला. बोटाच्या दोन पेरांएवढा, डोकं रुंद, डोळे वर आलेले, पाठीवरच्या पहिल्या परावर काळा टिपका. पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून त्यांची चूषक वाटी झालेली, मामांनी नखाने ती उलगडून पाहिली. या वाटीने तो दगडाला धरून राहतो. त्याला हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तळ सोडून फार वर येत नाही. म्हणून तर इथे आमिष तळालगत ठेवायचं. सगळं गणित त्या वाटीत आहे.

गोबी इथला नाही. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा, जहाजं तोल राखायला भरून घेतात त्या बॅलास्टच्या पाण्यातून आला. सेंट क्लेअर नदीत तो पहिल्यांदा सापडला १९९० मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी याच तलावात झेब्रा शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेतला पहिला. मामांच्या वजनाला चिकटून आलेले पट्ट्यापट्ट्यांचे नखाएवढे शिंपले ते हेच. ते पाणी गाळून अन्न खातात. त्यांनी तलाव निवळला, उजेड तळापर्यंत पोचू लागला, गवत वाढलं आणि बासला दिवस बरे आले. गोबीने बासचं पोट भरलं, पण तोच गोबी अंडीचोरही आहे. राखणारा नर खळग्यावरून उचलला की बघता बघता अंडी फस्त करतो. इथल्या मूळच्या मोठ्या शिंपल्यांचा तर झेब्राने जवळजवळ निकाल लावला. त्यांची कवचं अजून किनाऱ्याला लागतात, तळहाताएवढी, आतून मोत्याच्या रंगाची. ती बघून मला दर वेळी वाईट वाटतं. माशांचे दिवस चांगले आले म्हणून तो हिशेब मिटत नाही.

मामांना नराची आणि गोबीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी शेवटचा मासा स्वतः सोडला. हात आधी पाण्यात बुडवले, न सांगता.

१४ सप्टेंबर

मंडळाचा गणपती. तलावावर जाणं नाही. मामा मोदकांच्या उकडीवर देखरेख करत होते. वारा शून्य, ऊन कडक, पाणी ७० अंशांवर परत गेलं असणार.

१८ सप्टेंबर

कामावरून सुटून एकटीच, सूर्य मावळेपर्यंत. वारा नाही, पाणी निवळशंख, ११ फुटांवर तळातला प्रत्येक शिंपला दिसत होता. मासेही दिसले. होडीची सावली पडली की चार-पाचचा घोळका हलकेच बाजूला सरकायचा, पुन्हा एकत्र यायचा. आमिषाच्या मागे येऊन बघून परत जायचे. शांत दिवशी बास असतात, पण दुरून, बारीक लीडरने (गळाजवळच्या दोऱ्याने), होडी लांब ठेवूनच काही जमतं. सहा पौंडी फ्लुरोकार्बनचा दोरा लावून लांब फेकल्यावर एक लागला, १७ इंची.

महत्त्वाची नोंद गवताची. वाइल्ड सेलरी सुटायला लागली आहे. तिच्या पट्ट्यांसारख्या पात्यांचे गठ्ठे तरंगतायत, दर फेकीला दोऱ्यात अडकतायत. तळालगतचं कारा तसंच आहे, खरखरीत, चिमटीत चुरडलं की उग्र वास येतो. इथे 'कॅबेज' म्हणतात ते रुंद पानांचं पाणगवत मात्र काही ठिकाणी अजून ताठ आणि हिरवं आहे. आजचा मासा हिरव्या कॅबेजच्या एकट्या झुडपापाशी होता. अशा झुडपांच्या जागा जीपीएसवर वेगळ्या खुणेने नोंदवायला घेतल्या. गवत मरायला लागलं की उरलेलं हिरवं मोलाचं होतं. बारीक मासळी तिथे गोळा होते.

२२ सप्टेंबर

उत्तरेला, अँकर बेमध्ये. नदी तलावात शिरताना फाट्याफाट्यांची होते आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. जगातल्या गोड्या पाण्यातल्या सर्वांत मोठ्या त्रिभुज प्रदेशांत त्याची गणना होते. बोरू आणि पाणकणसाचे पट्टे, मधे हार्सन्स आयलंडसारखी बेटं, आणि नॉर्थ चॅनेलमधून येणारं ह्युरॉनचं थंड स्वच्छ पाणी. तापमान ६६. आपल्या नेहमीच्या पट्ट्यापेक्षा दोन अंशांनी कमी.

बास दोनच. पण आज खरं म्हणजे पर्चसाठी आलो होतो. पिवळा पर्च, अंगावर गडद पट्टे, सात-आठ इंची. लहान मासळीचं आमिष लावून तळाशी सोडायचं. इथे मामा माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ. पर्चची ओढ इतकी नाजूक असते की रॉडच्या टोकाकडे बघून कळत नाही. मामांनी रॉड बाजूला ठेवला आणि दोरा तर्जनीवर घेतला, घरी घेतात तसा. डोळे मिटून बसत आणि एकदम हात वर जाई. माझे दोन होईपर्यंत त्यांचे आठ.

हा मासा घरी नेला. मामांनी साफ केला. खवले घट्ट, त्यांनी कातडीसकटच सोलले. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवला, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून त्यात घोळवून तळला. मांस पांढरं, गोडसर, काटा कमी. मामा म्हणाले, मुडदुशाची आठवण येते. रविवारच्या जेवणाला इतकं सुख बऱ्याच दिवसांत नव्हतं. (या तलावातल्या कुठल्या जातीचा, किती मोठा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याबद्दल मिशिगनच्या आरोग्य खात्याची मार्गदर्शिका आहे, पारा आणि पीसीबी या विषारी द्रव्यांमुळे. मोठा, जुना शिकारी मासा टाळायचा, त्यातही बास आलाच. इथे गरवून खाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर वाचावीच.)

२८ सप्टेंबर

पाणी ६४. नैऋत्येचा वारा, ताशी १२ मैल, परवापासून दिशा न बदलता. ढगाळ. तबकडी ८ फूट.

काल रात्री वही उघडून बसले होते. आतापर्यंतच्या चांगल्या तासांत एक गोष्ट समान दिसली: वारा एका दिशेने किमान दुसऱ्या दिवसात गेलेला. ज्या दिवशी वारा फिरतो त्या दिवशी मासे विखुरतात. मग एकच दिशा टिकली की पाणी बसतं, गढूळ-निवळाची सीमा स्थिर होते आणि मासे तिच्यापाशी जमतात. मामांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "भांगाचं पाणी मेलेलं असतं," ते म्हणाले. (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी.) "पाण्याला ओढ लागली की मासा तोंड करून उभा राहतो. तुझ्याकडे ओढ लागायला दोन दिवस लागतात, एवढंच."

मग आज कुठे जायचं ते नकाशावर आधीच ठरवता आलं. नैऋत्येचा वारा म्हणजे आपल्या किनाऱ्यालगत पाणी निवळ, लाटा बाहेर वाढत जाणार. बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी थोडं धूसर व्हायला लागेल, तिथे हिरव्या कॅबेजच्या तीन खुणा होत्या. त्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला होडी लावली, ड्रिफ्ट सॉक सोडला. पाण्यात उघडणारी कापडी छत्रीसारखी पिशवी असते ती, होडीचा वेग ताशी एका मैलाच्या खाली आणते.

पहिल्या खुणेवर काही नाही. दुसऱ्या खुणेच्या अलीकडे सोनारवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) तळापासून दोन फूट वर जाड रेघा दिसल्या. मामांचा दोरा आधी सैल पडला. हे इथल्या बासचं लक्षण आहे. धक्का बसत नाही. मासा आमिष उचलून आपल्याच दिशेने येतो आणि वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. मी "फिरवा, मामा, फिरवा!" म्हणेपर्यंत त्यांनी दोरा गोळा केला होता. रॉड हँडलपर्यंत वाकला. मासा तळाशी जाऊन डोकं झटकत होता, ते झटके मला शेजारून दिसत होते. मग दोरा वर यायला लागला, भराभर, आणि पाणी फुटलं.

पितळी अंग, कडेला उभे गडद पट्टे, डोळा तांबडा. २० इंचांच्या वर अर्धा. ५ पौंड २ औंस. त्याला जाळ्यात घेताना पाठोपाठ आणखी तीन त्याच आकाराचे मासे वरपर्यंत आले आणि त्याच्या तोंडातून काही पडतंय का ते बघत घिरट्या घालत राहिले. असे सोबती वर येतात तेव्हा दुसऱ्याने ताबडतोब आमिष टाकायचं. मी टाकलं, एक लागलाही.

त्या जागेवरून पुन्हा पुन्हा वाहत गेलो. दर वेळी कॅबेजच्या त्याच चाळीस-पन्नास यार्डांत मासे. बाजूला गेलं की बंद. दुपारी गल पक्षी एका जागी बुडी मारायला लागले. तिथे चंदेरी शायनर मासळीचा थवा वर आला होता आणि खालून बास तो उधळत होते. तिथे जर्कबेट (झटके देत ओढायचं, माशाच्या आकाराचं आमिष) फेकलं. वर झेपावून येतो तेव्हा हाच मासा वेगळा वाटतो. मामांनी रॉड खाली ठेवला आणि फक्त बघत बसले.

परत येताना त्यांनी विचारलं, "त्या मोठ्याचं वय किती असेल?" मी म्हटलं, दहाच्या आसपास असावं, जास्तही असेल. "म्हणजे तुझा अमेय शाळेत जायला लागला तेव्हाचा," ते म्हणाले. "बरं झालं सोडला."

५ ऑक्टोबर

पाणी ६०. वारा काल रात्री फिरला, वायव्येचा. नोंदींप्रमाणे आज कठीण जायला हवं होतं आणि गेलंच. २८ तारखेच्या जागेवर गेलो. कॅबेज तपकिरी पडून लोळलेलं, मासे नाहीत. मग जहाजमार्गाच्या कडेला. तिथे तळ १७-१८ फुटांवरून खोदलेल्या चरात उतरतो. कडेवर दोन मासे, दोन्ही जाडजूड, पोटं फुगलेली. एक खनिज घेऊन जाणारं हजार फुटी जहाज गेलं. अशी जहाजं वरच्या सरोवरांतून लोखंडाचं खनिज आणतात. ते जवळ यायच्या आधीच आम्ही मार्गापासून बरेच लांब झालो होतो. मामांनी टोपी काढून हात केला, वरून कुणीतरी भोंगा वाजवला.

रात्री सगळ्या खुणा एका नकाशावर उतरवल्या. ऑगस्टअखेरीच्या खुणा दहा-बारा फुटांत, विखुरलेल्या. सप्टेंबरच्या मधल्या खुणा गढूळ-निवळ सीमेच्या बाजूने लांबट ओळीत, ओळ वाऱ्यानुसार कधी आत कधी बाहेर. महिनाअखेरीच्या तीन-चार ठिपक्यांवर दाट. म्हणजे खोल जातो म्हणणारेही बरोबर आणि उथळात शिरतो म्हणणारेही. दोघं वेगवेगळ्या वाऱ्याच्या दिवशी गेले होते. माझ्या पट्ट्यात तरी खोलीपेक्षा पाण्याची सीमा आणि जिवंत गवत या दोन गोष्टींनी मासा जास्त वेळा सापडला. पूर्वेकडच्या, कॅनडाच्या बाजूला काय होतं ते माझ्या वहीत नाही. तिकडे ऑन्टॅरिओचा वेगळा परवाना लागतो.

११ ऑक्टोबर

पाणी ५८. दक्षिणेचा वारा, दुसरा दिवस. मामांची शेवटची फेरी. त्यांना जायचं होतं तिथे गेलो, म्हणजे रेघ होती तिथे. रेघ नव्हती, पाणी सगळीकडे सारखंच होतं. मग त्यांनीच तबकडी घेतली आणि दर पाव मैलावर टाकत गेले. आठ फूट, आठ, साडेसात, सात, पाच. "इथं," ते म्हणाले. वरून काहीच दिसत नव्हतं, बदल पाण्याच्या पोटात होता. खोली १५ फूट, तळ टणक, सोनारवर शिंपल्यांचे ढीग. मासे होते. १६ ते १९ इंची, तासाभरात हाताला पुरे झाले इतके.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. मामांची बॅग भरली. त्यात शिशाची वजनं, ड्रॉप शॉटचे गळ आणि दोन पाकिटं मऊ आमिष. कुंडलिकेच्या तोंडाशी जिताड्याला हे चालतं का ते बघणार आहेत. जिताडा गोबीसारखं तळाला काही खातो का, की कोळंबीच, यावर विमानतळाच्या वाटेवर बराच वेळ बोलणं झालं. त्यांच्यासाठी तक्ता मराठीत करून छापून दिला. वाऱ्याच्या रकान्याशेजारी त्यांनी तिथीचा रकाना पेनाने आखून घेतला.

इथलं पुढचं: पाणी ५० अंशांच्या खाली उतरल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जहाजमार्गाच्या कडेची फेरी, ब्लेड बेट (धातूच्या पात्याचं आमिष) घेऊन. ५ तारखेचे ते दोन जाड मासे एकटे होते की थव्यातले, ते बघायचंय. त्याआधी ट्रोलिंग मोटरची बॅटरी तपासून घेणे, तबकडीचा पांढरा रंग उडालाय तो पुन्हा लावणे, आणि कॅबेजच्या सगळ्या खुणा जपून ठेवणे. पुढच्या जूनमध्ये तीच झुडपं पुन्हा उगवतात का, ते त्यावरूनच कळेल.